अण्णांच्या बॅटरीचे सेल

गणपतीला गावी निघायच्या आधी काय काय आणायचं त्याची यादी आई फोनवर सांगते. अण्णा शेवटी फोन घेतात ते फक्त "सावकाश ये" म्हणायला. त्या वर्षी मात्र त्यांनी मध्येच फोन घेतला आणि म्हणाले, "बॅटरीचे सेल आण. मोठे. सहा आण." मी आणले. फडताळात ठेवायला गेले तर तिथे चहाचा जुना पत्र्याचा डबा संपलेल्या सेलांनी भरलेला. मोजले नाहीत, पण डबा उचलताना मनगट वाकलं. "अण्णा, रात्रभर बॅटरी चालू ठेवून झोपता का तुम्ही?" मी आतूनच विचारलं. ते ओटीवर दुर्वांच्या जुड्या बांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हल्ली सेलच टिकत नाहीत." मला ते पटलं. हल्ली काही टिकत नाही हे वाक्य आमच्या घरात इतक्या वस्तूंबद्दल ऐकलंय, की सेलांबद्दल ते ऐकून मी थांबले नाही, विचार केला नाही, कापूर आणि वाती काढायला वळले.

त्या रात्री मी माजघरात झोपले होते. कौलांवर पाऊस होता. कधीतरी दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवरून सरकत गेली, मागच्या दाराचा अडसर निघाला, आणि बऱ्याच वेळाने परत लागला. आमचा संडास मागच्या अंगणापलीकडे आहे, चिऱ्याच्या तीन पायऱ्या उतरून, विहिरीच्या वाटेवर. पावसाळ्यात त्या पायऱ्यांना शेवाळ धरतं. त्या बाजूला फुरसं निघतं म्हणून लहानपणी आम्हाला दिवस मावळल्यावर तिकडे एकटं सोडत नसत. ७१ वर्षांचा माणूस त्या पायऱ्या एका रात्रीत किती वेळा उतरतो, हे मी मोजू शकले असते. उजेड पुन्हा सरकला तेव्हा मला अर्धवट जाग होती. मी कूस बदलली.

एवढंच घडलं. पण ती बदललेली कूस अजून मनातून जात नाही.

जानेवारीत अण्णांना सर्दी झाली. बाजारातल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, सकाळी एक घेतली, रात्री एक. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर लघवीच झाली नाही. संध्याकाळपर्यंत ओटीपोट टम्म झालं. आईने तिला सुचेल ते केलं आणि ते सगळंच उलट होतं. धन्याचं पाणी दिलं, शहाळं फोडलं, वर तांब्याभर पाणी प्यायला लावलं. लघवी होत नाही म्हणजे पोटात पाणी कमी पडलं, असंच आपल्याकडे कुणालाही वाटेल. खाली दार बंद आणि वरून भरणं चालू, हे तिच्या लक्षात यायला काही कारण नव्हतं. पहाटे चारला तिचा फोन आला तेव्हा ती कुजबुजत होती. "यांना कालपासून लघवी झालेली नाही." घरात ती दोघंच. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, तरी ती कुजबुजत होती.

वाडीतल्या माझ्या चुलतभावाने गाडी काढली आणि राजापूरवरून रत्नागिरीला निघाला. लांज्याच्या अलीकडे अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली, कडेला अंधारात जाऊन उभे राहिले. दोन ट्रक गेले. परत येऊन बसले तेव्हा काही झालेलं नव्हतं. पालीपासून हातखंब्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला ते दोन्ही तळहात सीटवर टेकून अंग अधर उचलत होते, पण तोंडातून अक्षर नाही, असं भावाने मला नंतर सांगितलं. रुग्णालयात नळी घातली तेव्हा साडेनऊशे मिलिलिटर लघवी निघाली. साधारण तीनशे-चारशे झाली की माणूस उठतो. मी पुण्याहून दुपारी पोचले. अण्णांचा चेहरा शांत होता, दुखणं थांबलं होतं. पण मला दारात बघितल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर पलंगाला लटकवलेल्या पिशवीवर चादरीचं टोक ओढून घेतलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न सर्दीच्या गोळीबद्दलच होता, याचं मला आश्चर्य वाटलं. चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून त्या गोळ्यांमध्ये बहुधा फेनिलेफ्रिनसारखं एक औषध असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, आणि त्याच ओघात मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळून धरतं. शिंका थांबवणारं, झोप आणणारं दुसरं औषध मूत्राशयाची पिळण्याची ताकद कमी करतं. तरुण माणसाला यातलं काही जाणवत नाही. पण जिथे वाट आधीच अरुंद झाली आहे तिथे दोन गोळ्या पुरतात. "प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आपलं प्रोस्टेट वाढलंय हे आधी कळायला हवं ना." हे ते अण्णांकडे बघून म्हणाले. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर जे कळायला हवं म्हणाले ते अण्णांना ठाऊक होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

केसपेपरच्या मागे डॉक्टरांनी चित्र काढलं. वर मूत्राशय, खाली नळी, आणि जिथे नळी सुरू होते तिथे तिच्याभोवती कड्यासारखी बसलेली ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, वीसेक ग्रॅमची. वयाबरोबर ती वाढत जाते. पन्नास ते साठ वयातल्या साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांत. अण्णांची सोनोग्राफीत ६८ ग्रॅम निघाली. पण आकडा आणि त्रास यांचा सरळ हिशेब नसतो म्हणाले. कुणाची तीस ग्रॅमची ग्रंथी नळी पार चेपते, कुणाची शंभराची असून माणूस निवांत झोपतो. प्रश्न ती कुठल्या बाजूला वाढली याचा. अण्णांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि त्या दिवसातलं पहिलं मोठं वाक्य बोलले. "म्हणजे मोटर बरी आहे. पाइप दाबला गेलाय." डॉक्टर म्हणाले, "हो काका. पण दाबलेल्या पाइपातून वर्षानुवर्षं जोर लावून मोटरही दमते." अहवालात मूत्राशयाची भिंत जाड झाल्याचं लिहिलं होतं. जोर लावून लावून त्या स्नायूने कमावलेलं अंग होतं ते. किती वर्षांचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

आईला एकच विचारायचं होतं आणि तिने ते मला विचारायला लावलं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि हिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात, म्हणून बघावं लागतं. बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथी गुळगुळीत आणि रबरासारखी लागली, कुठे टणक गाठ नव्हती. पीएसए नावाची रक्ततपासणी मात्र त्यांनी लगेच करू दिली नाही. लघवी तुंबल्यावर आणि नळी घातल्यावर तो आकडा उगाच वर जातो आणि घरदार नाहक घाबरतं, तेव्हा काही आठवड्यांनी करू म्हणाले. ते थांबणं मला तेव्हा जड गेलं. आज वाटतं, त्या थांबण्याने आईच्या कितीतरी रात्री वाचल्या.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, ३२ वर्षं. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्या गाडीने जायची ती त्यांच्याच बाकावर, दाराशी बसून. तिकिटाच्या पेटीचा वास, चिमट्याची टकटक, कानामागची पेन्सिल. घाटातल्या लांबच्या गाडीला हमखास एखादा म्हातारा मागून उठायचा, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरत पुढे यायचा आणि अण्णांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. अण्णा मान हलवायचे. पुढच्या वळणानंतर, जरा झाडी आली की दोरी ओढून एक टोला द्यायचे. गाडी थांबायची. "टायर बघून घ्या हो जरा," असं ते ड्रायव्हरकाकांना मोठ्याने सांगायचे. कुणी कुरकुर केली तर "टायर गरम झालाय" म्हणायचे. म्हातारा परत येऊन बसला की दोन टोले. मी इतकी लहान होते, की आमच्या गाडीचे टायर फार गरम होतात असं मला खरंच वाटायचं. पुढे कळलं तेव्हा हसू आलं होतं. आता आठवतं तेव्हा त्या म्हाताऱ्यांचे चेहरे दिसतात. पुटपुटताना खाली असलेले डोळे. आणि अण्णांची ती मान हलवायची पद्धत, फार न बघता.

इतरांसाठी टायर गरम करणारा हा माणूस स्वतःसाठी कधी दोरी ओढू शकला नाही. गेल्या चार-पाच वर्षांतल्या गोष्टी मी रुग्णालयाच्या बाकावर बसून एकेक जोडत गेले. त्यांनी भजनाला जाणं सोडलं, तेव्हा आम्ही म्हटलं आवाज गेला. आमच्याकडची भजनं रात्र रात्र चालतात, आणि मध्ये दर तासाला उठणारा माणूस पखवाजाच्या शेजारी बसू शकत नाही. पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला आले नाहीत, तेव्हा आई आठ दिवस रुसली होती. पुण्याला माझ्याकडे यायचं टाळायला लागले, तेव्हा मला वाटलं आमचा चौथ्या मजल्यावरचा संसार त्यांना मानवत नाही. मला राग आला होता. तो मी बोलूनही दाखवला होता. आणि पाणी! प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ते पाणी बंद करायचे. मे महिन्यातसुद्धा. कुणी दारात कोकमाचं सरबत पुढे केलं तर "आत्ताच घेतलं" म्हणायचे. आम्ही याला म्हातारपणचा तिरसटपणा असं नाव देऊन मोकळे झालो होतो.

लघवी दाबून धरायची नोकरीतली सवय याला कारणीभूत आहे का, हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. नाही म्हणाले. वय आणि पुरुषाच्या अंगातली संप्रेरकं, एवढीच कारणं. मला बरं वाटलं. नोकरीवर त्यांचं फार प्रेम होतं.

मग त्यांनी सांगितलं का नाही? याचं उत्तर मला आत्याकडून मिळालं. ती भेटायला आली होती, आणि पिशवीकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांचंही असंच," ती म्हणाली. माझे आजोबा मी पाच वर्षांची असताना गेले. मला आठवते ती फक्त पडवीतली बाज आणि त्या बाजूचा एक उग्र वास. आम्हा मुलांना तिकडे खेळू देत नसत. घरात त्याला "त्यांचं लघवीचं" एवढंच म्हणत, पुढे वाक्य नसे. आजोबांच्या ओटीपोटातून बाहेर काढलेली नळी होती, शेवटपर्यंत. पोट उघडून ऑपरेशन करायला त्यांची छाती साथ देणार नाही असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नळी धुणं, पिशवी रिकामी करणं, हे सगळं दोन वर्षं अण्णांनी केलं. ड्यूटीवरून येऊन, रात्री, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं. म्हणजे पहिल्यांदा धार बारीक झाली तेव्हाच अण्णांनी ओळखलं असणार. त्यांना हे दुखणं आतून-बाहेरून माहीत होतं. फक्त त्यांच्या माहितीत त्याचा शेवट एकच होता, पडवीतली बाज. मधल्या ४० वर्षांत त्यावर काय काय निघालं, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

आठवडाभर टॅमसुलोसिनच्या गोळ्या घेतल्यावर नळी काढली आणि लघवी झाली. ही गोळी बरोबर त्या सर्दीच्या औषधाच्या उलट काम करते, आवळलेले स्नायू सैल सोडते. त्या दिवशी तपासणीला बसलो असताना एका तरुण डॉक्टर मुलीने हातात छापील कागद दिला आणि म्हणाली, नळी घालण्याच्या आधीच्या महिन्यात कसं होतं ते भरून द्या. अण्णांचा चष्मा गाडीत राहिला होता. आई म्हणाली, तू वाच.

तर मी वाचायला लागले. भरलेल्या बाकांच्या रांगेत, जमेल तेवढ्या हळू. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच. लघवी झाल्यावर पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, असं किती वेळा? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं? मध्येच थांबून पुन्हा सुरू होते? धरून ठेवणं अवघड जातं? धार कमजोर? सुरू करायला जोर? मी प्रश्न वाचायचे, अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत आकडा सांगायचे. चार. चार. तीन. तीन. धारेला पाच. तीन. या माणसाने मला अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्या लग्नात हुंदका गिळलाय, आणि आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शरीराबद्दल बोलत होतो, तेही आकड्यांत. आकडे होते म्हणून बोलू शकलो, असं मला आता वाटतं. १९९२ साली अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी हे सात प्रश्न तयार केले, तेव्हा त्यांना रुग्णांचा त्रास मोजायचा होता. रत्नागिरीतल्या त्या बाकावर त्या प्रश्नांनी आम्हाला बोलायला भाषा दिली. सातवा प्रश्न, रात्री किती वेळा उठता? अण्णा म्हणाले, "दोन." माझं पेन थांबलं. डोळ्यांसमोर तो चहाचा डबा आला. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आईचा आवाज आला. "पाच. पावसात सहा."

अण्णांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बेरीज २७ झाली. वीसपासून पुढे म्हणजे तीव्र. खाली एक आठवा प्रश्न वेगळा होता. आता आहे तसंच आयुष्यभर राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? फार आनंद होईल, इथपासून भयंकर वाटेल, इथपर्यंत सात पर्याय. मी ते सगळे वाचून दाखवले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सवय झालीय, असं लिही." तसा पर्याय त्यात नव्हता. मी तो रकाना कोरा ठेवून कागद परत दिला, आणि त्या मुलीने तो कोरा का म्हणून विचारलं नाही.

घरी तीन दिवस नोंद ठेवायची होती. किती वाजता, किती मिली, किती प्यायलं. मापाचा प्लास्टिकचा पेला दिला होता. अण्णांनी वहीला रकाने पाडले, पेन्सिलीला टोक केलं आणि ती नोंद कंडक्टरच्या हिशेबाच्या वे-बिलासारखी भरली. रात्री १२.४० ला ११० मिली. २.१० ला १२०. ३.२५ ला ९०. खाली बेरीज, बेरजेखाली दुहेरी रेघ, सही. डॉक्टरांनी अशी वही पाहिली नव्हती. तिच्यावरून दोन गोष्टी त्यांना कळल्या. एक म्हणजे अण्णा दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी पितात, आणि दुसरी, रात्री जास्त लघवी तयार होत नाही, मूत्राशय रिकामंच होत नाही. रात्री उठणाऱ्या प्रत्येकाचं कारण प्रोस्टेट नसतं. मधुमेह, पायावरची सूज, घोरण्याचा आजार, संध्याकाळी घेतलेली रक्तदाबाची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, असंही काही असू शकतं. अण्णांच्या वहीने ते बाजूला काढलं. औषधांना मी महिनाभर कसलं श्रेय दिलं नाही, पण ते वही भरत होते तेव्हा त्यांचा चेहरा ड्यूटीवरच्यासारखा होता, आणि मला वाटतं बरं होणं तिथून सुरू झालं.

टॅमसुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड दिलं. पहिलं दोन-चार दिवसांत उतार देतं, दुसरं ग्रंथी हळूहळू लहान करतं, त्याला सहा महिने लागतात. टॅमसुलोसिनने उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून रात्री पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसायचं आणि मग उभं राहायचं. आई ते मिनिट त्यांच्याबरोबर बसायची. पुढे मोतीबिंदूची तारीख मिळाली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं आधी सांगायला हवं होतं, कारण तिने डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदाही ढिला पडू शकतो आणि शस्त्रक्रियेत त्रास होतो. गोळी पोटासाठी, धोका डोळ्याला. असे कितीतरी धागे शरीरात कुठून कुठे गेलेत.

दुसऱ्या गोळीच्या कुळाची गोष्ट मी वाचली तेव्हा फार वेळ स्वस्थ बसून राहिले. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅलिनास नावाच्या खेड्यात काही मुलं जन्मतः मुली समजून वाढवली जायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली या डॉक्टर बाईंनी त्याचं कारण जगासमोर मांडलं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं अधिक जोरकस रूप तयार करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्या शरीरात कमी होतं. आणि या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी मोठेपणीही लहानच राहत होती. मग ते विकर औषधाने अडवलं तर म्हाताऱ्यांची वाढलेली ग्रंथी आकसेल का? त्यातून फिनास्टेराइड आलं, १९९२ साली ते अमेरिकेत मंजूर झालं, आणि ड्युटास्टेराइड त्याचंच धाकटं भावंड. ज्यांच्या शरीराचं सगळ्यात खाजगी ते गावभर चर्चेत राहिलं, अशी ती मुलं. त्यांच्यामुळे राजापूर तालुक्यातला एक संकोची माणूस रात्री जरा सलग झोपायला लागला.

सराट्याचा काढाही झाला. वाडीतल्या एका आजोबांनी आणून दिला आणि अण्णांनी डॉक्टरांच्या परवानगीने, गोळ्या न सोडता, घेतला. मला त्यात चूक दिसली नाही. दुखणं आपल्या मातीत जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार आहेत, त्यातल्या वाताष्ठीलेचं वर्णन वाचलं तर मलमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये उठलेली, दगडासारखी घट्ट, वाट अडवणारी गाठ, असं आहे. कुणीतरी तेव्हाही एखाद्या म्हाताऱ्याला शांतपणे विचारलं असेल, त्याशिवाय हे लिहिलं गेलं नसतं. काढ्याने ग्रंथी लहान झाली नाही. पण तो आणून देणाऱ्या आजोबांनी ओटीवर बसून हळूच सांगितलं, की त्यांनाही तीन वर्षं तसंच होतं. हे बोलणं अण्णांच्या कामी आलं.

आषाढात ताप आला, थंडी वाजून. मूत्राशयात मागे राहणारी लघवी अजून दोनशे मिलीच्या आसपास होती, आणि साचलेल्या पाण्यात जे होतं ते झालं होतं, जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी यावेळी स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता ऑपरेशन. पोटावर कुठेही छेद नाही, लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून आतल्या बाजूने ग्रंथी कापून काढायची. शंभराच्या वर असती तर होल्मियम लेझरचा विचार केला असता, अण्णांना दुर्बिणीचं नेहमीचं ऑपरेशन पुरे. अण्णांनी तीनदा विचारलं, "नळी कायमची राहणार नाही ना?" तिन्ही वेळा डॉक्टरांनी तेवढ्याच शांतपणे "नाही" म्हटलं. गणपती होऊन जाऊ दे, एवढी एकच अट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी आई-अण्णांना दोघांनाच आत बोलावलं. मी बाहेर बसले. या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, हे सांगायचं असतं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, विचारणारही नाही. बाहेर येताना आई पदराने तोंड झाकून हसत होती आणि अण्णांचे कान लाल झाले होते.

तासाभरात झालं. कमरेतून भूल दिली होती, ते जागे होते. दोन दिवस नळीतून आत सलाइन सोडत होते आणि पिशवीत पाणी येत होतं. आधी लाल, मग जास्वंद भिजवल्यासारखं, मग नितळ. काढलेले तुकडे तपासणीला गेले आणि आठवड्याने निर्धोक असल्याचा कागद आला. पुढचा महिना मात्र सोपा नव्हता, हे मी लिहायलाच हवं. जळजळ होती. घाई लागली की थांबवता येत नव्हतं, थेंब गळत होते, आणि आईने पॅड आणून ठेवलं तेव्हा अण्णा तिच्यावर ओरडले. आमच्या घरात अण्णांचा चढलेला आवाज मी क्वचित ऐकलाय. मला वाटलं चुकलं आपलं, उगाच सुरी लावली. सहाव्या आठवड्यात त्यांनी फोनवर सांगितलं, "आज वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आलो." त्यावर मी काही बोलले नाही, फोन कानाला धरून उभी राहिले.

शिमग्याला गेले. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा अण्णा संध्याकाळपासून उभे होते, आणि नंतर ढोलामागून पाच घरं फिरून आले. प्रत्येक घरी जे पुढे आलं ते प्यायले. मी बघत होते, चोरून, सरबताचा पेला ओठाला लागतो की परत जातो. रात्री माजघरात अंथरूण घातलं. खूप उशिरा दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी सरकली, अडसर निघाला, आणि पाण्याचा आवाज यायच्या आतच पुन्हा लागला. मी जागीच राहिले. अंधारात डोळे उघडे ठेवून दुसऱ्या उजेडाची वाट बघत होते. बराच वेळ गेला. मग पलीकडच्या अंथरुणातून आईचा आवाज आला, झोपेतला नव्हे, चांगला जागा.

"झोप गं आता. एकदाच उठतात हल्ली."